धुराड्याची लोखंडी चूल, वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत

आमच्याकडे गॅस आहे, चहा आणि सकाळची घाईची कामं त्यावरच होतात. पण पेज, आंघोळीचं पाणी, भात उकडणं आणि चतुर्थीला घरात माणसं वाढली की चुलीशिवाय भागत नाही, १४.२ किलोचा सिलिंडर त्या दिवसांत बघता बघता संपतो. म्हणून कुडाळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी चूल बनवून घेतली, पुढे मोठं तोंड, मागे वैल, म्हणजे त्याच जाळावर चालणारं दुसरं छोटं तोंड, आणि त्याच्या मागे धुराडं. कशी आहे, घेऊ का, असं बरेच जण विचारतायत म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी धुराचं. घरात धूर खरंच होत नाही. पेटवताना थोडा पुढून येतो, पाइप तापला की बंद. सासूबाईंनी जन्मभर फुंकणी फुंकून डोळे लाल करून घेतलेत, त्या पहिल्या दिवशी वाकून वाकून बघत होत्या, "धूर खंय गेलो गो?" पाइपातली गरम हवा वर चढते आणि खालच्या जाळीतून नवी हवा ओढून घेते, फुंकायची गरजच पडत नाही, आणि आतून फायर ब्रिक लावलेली असल्यामुळे आतला भाग इतका तापतो की धुरातला बराचसा भाग तिथेच जळून जातो. वैलावर टोप ठेवला की पेज शिजेपर्यंत आंघोळीचं पाणी तयार. या एका गोष्टीसाठी मी ही चूल परत घेईन.

आता देखभाल, कारण विकणारा हे सांगत नाही. मातीची चूल शेणाने सारवली की झालं. लोखंडाचं तसं नाही, आणि समुद्राजवळ तर नाहीच नाही. ही चूल आगीने जेवढी खराब होत नाही तेवढी बंद असते तेव्हा होते. आपण जाळतो काय, सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, चुडतं (सुकलेल्या झावळ्या), सगळं माडाचं. सोडणात पोटॅश आणि क्लोराईड भरपूर असतं, ते राखेत उतरतं आणि अशी राख हवेतला ओलावा ओढून घेते. जून-जुलैत चूल पेटली नाही आणि राख तशीच आत राहिली की खालचा पत्रा हाताला ओला लागतो, मग तिथूनच गंजाचे पापुद्रे सुटायला लागतात. त्यामुळे चूल बंद राहणार असेल तेव्हा राख पूर्ण काढायची, कोपऱ्यातली पण, जुन्या ब्रशने. राख काढायची ती पत्र्याच्या डब्यातच, प्लास्टिकच्या बादलीत कधीच नाही, वरून थंड वाटली तरी आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असू शकतो. पूर्ण विझली की माडाच्या आळ्यात टाका, त्याचं पोटॅश त्यालाच परत.

वरचा भाग बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. गरम असताना त्यावर ओलं फडकं मारू नका, बीड तडकतं. थंड झाल्यावर कोरडं पुसून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. आपल्याकडे खोबरेल हाताशी असतं म्हणून सगळे तेच लावतात, पण ते वाळत नाही, चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. जवसाचं तेल तापून सुकतं आणि थर धरतं, पहिल्यांदा पेटवताना वास येतो तेवढाच.

पाइपाबद्दल मात्र तक्रार. फिटिंगला आलेल्या मुलांनी पाइपाचे तुकडे उलटे जोडले होते, खालचा तुकडा वरच्याच्या आत. लाकूड थोडं जरी ओलं असलं तरी धुरातली वाफ आणि डांबर पाइपात थंड होऊन खाली ओघळतं, आणि जोड असा असला की ते बाहेर भिंतीवर येतं, काळं कुळकुळीत, घासून निघत नाही. वरचा तुकडा खालच्याच्या आत बसला पाहिजे म्हणजे ओघळ आतल्या आत चुलीकडे जातो. फोन केल्यावर येऊन बदलून दिलं, पैसे मागितले नाहीत, हे पण सांगितलं पाहिजे.

बाहेरच्या बाजूला पाइपाला टी (इंग्रजी T सारखा जोड) आणि खाली टोपण मागून घ्या, नाहीतर साफ कुठून करणार. काथ्याचा घट्ट गोळा दोरीला बांधून वरून सोडायचा, वर-खाली ओढायचा, काजळी खाली टोपणातून निघते. हे टाळू नका हो. डांबराचा थर जाड झाला की तो पाइपातच पेट घेतो, आणि आपली घरं कौलारू, वर वासे आणि रिपा सगळं सुकं लाकूड. आमचा पाइप चिऱ्याच्या भिंतीतून बाहेर काढलाय म्हणून धाक कमी. तरी बाहेर पाइप वर जातो तिथे वाशापासून दीड फूट तरी लांब ठेवा, आणि वरचं टोक आढ्याच्या वर गेलं पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात नैऋत्येचा वारा धूर उलटा घरात ढकलतो.

लाकडाची बेगमी मे संपायच्या आत. ऐन, किंजळ, आंबा, काजूच्या छाटलेल्या फांद्या काही चालतं, पण फोडून आणि सुकवून. दोन ढलप्या एकमेकांवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा, दबका आला तर अजून ओलं आहे. काजूची टरफलं स्वस्तात मिळतात म्हणून घालू नका, त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो आणि पाइपात चिकट थर बसतो.

आणि डॅम्पर, म्हणजे पाइपातली धूर कमी-जास्त सोडायची झडप. आमच्या डॅम्परला भोक नव्हतं, मी पाडून घेतलं. रात्री निखारे असताना पाइप पूर्ण बंद केला तर कार्बन मोनॉक्साईड घरात येतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि पावसात आपण खिडक्या लावून झोपतो. हे सगळ्यात आधी बघा.

ऑर्डर देताना जिथे जाळ लागतो तिथला पत्रा ४ मिमीपेक्षा कमी नको म्हणा. पाइप स्टीलचा घेणार असाल तर ३०४ ग्रेडचा, स्वस्तातल्या २०२ ग्रेडला आपल्या हवेत लवकर डाग पडतात. चुलीला लागून जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला) तुकडा नको, त्यावरचं जस्त ४२० अंशाच्या आसपास वितळतं. जाळी बिडाचीच मागा. आमची सळयांची आहे, मधल्या सळया वाकायला लागल्यात, तेवढी एक बदलायची राहिलीय, गणपतीच्या आधी देतो म्हणालाय.