ब्लोअर धुतलेलं पाणी: बायोबेड, पाणथळ की एरेशनची टाकी?

फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर डावणीच्या (द्राक्षावरच्या बुरशीरोगाच्या) दिवसांत द्राक्षपट्ट्यात ब्लोअर, म्हणजे औषध फवारायचं यंत्र, जवळपास रोज धुतला जातो. टाकीच्या तळाशी उरलेलं पांढरट द्रावण, नोझलचं पाणी, सगळं विहिरीजवळ एकाच जागी सांडतं. आमच्या बागेत त्या जागी गवतसुद्धा उगवत नाही, आणि विहीर तिथून वीस पावलांवर आहे. म्हणून या पाण्याचं काय करायचं, हे ठरवणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

एकट्या बागायतदाराने बायोबेडच, म्हणजे औषधाचं पाणी जिरवून कुजवणारा काड-मातीचा खड्डाच, करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वीडनमध्ये 1993 साली पहिला बायोबेड झाला. साधारण 60 सेंटिमीटरचा खड्डा, तळाला 10 सेंटिमीटर चिकणमाती, त्यावर 50 सेंटिमीटर मिश्रण आणि वर गवत. मिश्रणात निम्मा काड, पाव भाग पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा), पाव भाग माती. काडातलं लिग्निन (त्याला कडकपणा देणारा घटक) कुजवणारी पांढरी बुरशी इथली खरी कामकरी. तिची विकरं लिग्निनसोबत औषधांचे रेणूही तोडतात. वरचं गवत पाण्याची वाफ करून उडवतं आणि ते पिवळं पडलं, की भार जास्त झाल्याचं कळतं.

आपल्याकडे पीट मिळत नाही, तिथे कोकोपीट किंवा चांगलं कुजलेलं कंपोस्ट चालतं. कंपोस्टने सामू चढतो आणि बुरशीपेक्षा जिवाणूंचं काम वाढतं, एवढाच फरक. इटलीत द्राक्षाच्या छाटलेल्या काड्याही वापरून पाहिल्या आहेत, आणि त्या तर आपल्या बांधावर ढिगाने पडलेल्या असतात. मात्र तळाला आपली काळी माती नको. सुकली की तिला भेगा पडतात आणि पाणी थेट खाली उतरतं. त्यापेक्षा शेततळ्याचा कागद अंथरा, वर खडी आणि निचऱ्याचा पाइप टाका, निघालेलं पाणी परत वर फिरवा. पावसाळ्यासाठी पत्र्याचं छप्पर हवंच. खड्डा तुंबला, की आतली हवा संपते आणि बुरशी मरते. उन्हाळ्यात फवारणी नसतानाही ओल टिकवायची. निफाडच्या डिसेंबरातल्या थंडीत काम मंदावतं, तेव्हा पाणी टाकीत साठवून थोडं थोडं सोडावं.

पाणथळ म्हणजे पाणवनस्पती लावलेला खडीचा खड्डा. तिच्यात खडीतून, पाणकणसाच्या मुळांमधून पाणी सावकाश सरकतं. पायरेथ्रॉइडसारखी चिकटणारी औषधं तिथे अडकतात. इमिडाक्लोप्रिडसारखी पाण्यात सहज मिसळणारी मात्र बरीचशी पुढे निघून जातात. जागाही जास्त लागते. बायोबेडमधून निघालेल्या पाण्यासाठी दुसरा टप्पा म्हणून ती ठीक, एकटीच्या भरवशावर नको.

एरेशनची टाकी, म्हणजे हवा सोडून जिवाणूंकडून पाणी साफ करणारी टाकी, कारखान्यासाठी. तिथल्या जिवाणूंना रोज सारखं खाणं लागतं. चार दिवस काहीच नाही आणि पाचव्या दिवशी घट्ट द्रावण आलं, की ते मरतात. वीज, ऑपरेटर, वर गाळाची विल्हेवाट. वर्षभर एकसारखं सांडपाणी निघणाऱ्या प्रक्रिया उद्योगानेच तिचा विचार करावा, तोही आधी पाणी साठवून एकसारखं पुढे सोडणारी समतोल टाकी बांधून.

बोर्डोचं, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचं, पाणी या तिन्हींत वेगळं धरा. तांबं मूलद्रव्य आहे, कुठलाही जिवाणू ते तोडू शकत नाही, ते मिश्रणात साठतच जातं. स्वीडनमध्ये पाच ते आठ वर्षांनी मिश्रण काढून वर्षभर कुजवतात आणि शेतात पसरतात. तुमच्या बेडमध्ये बोर्डो गेलं असेल, तर पसरण्याआधी त्यातलं तांबं प्रयोगशाळेतून तपासून घ्या.