देवबागची कयाक-लेखन शाळा: कोर्स चांगला, तिथी चुकीची

बडोद्यातल्या एका कॉलेजचा हा ६ दिवसांचा फील्ड कोर्स. सकाळी कयाक, संध्याकाळी निसर्गलेखन. जागा मालवणजवळ देवबागची कर्ली खाडी. एवढ्या लांब कशाला, हा प्रश्न बडोद्याच्या दांडिया बाजारात हमखास येतो. खंबातचं आखात जवळ आहे खरं, पण तिथं भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या घरात जातो आणि ओहोटीला नजर पोचेल तिथवर चिखल. शिकाऊंची ती जागा नव्हे. कर्लीत उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीलाही, फरक २ मीटरच्या आसपास.

विश्वामित्री नदीत मगरी असल्यामुळे बडोद्यात सराव होतो पोहण्याच्या तलावात, तोही एकच दिवस. हे अपुरं आहे. उलटलेल्या कयाकवर परत चढणं एका दिवसात अंगवळणी पडत नाही. बाजूनं, मधोमध धरायचं, पाय आधी पाण्याच्या पातळीवर आणून मारायचे, पोट आडवं टाकायचं आणि मग वळून बसायचं. बहुतेक मुलं पाय खाली सोडून नुसती हातांनी ओढतात, आणि कयाक पुन्हा अंगावर येते. वल्हवतानाही तेच: कमरेतून वळायचं सोडून दंडांनी ओढतात, दुसऱ्या दिवशी मनगटं सुजतात.

लेखनाची बाजू मात्र पक्की. पानाच्या माथ्यावर तिथी, वेळ, वारा, पाणी चढतंय की उतरतंय; त्याशिवाय वही तपासत नाहीत. ‘सुंदर’ दिसला की लाल रेघ. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात, कांदळाची मुळं खोडातून कमानी करून खाली उतरतात, हे पाहून लिहायचं, ‘खारफुटी’ म्हणून सुटका नाही. लिहायला २बी पेन्सिल, कारण शाई ओलीनं पसरते. वही जलरोधक पिशवीत. तोंड तीनदा गुंडाळल्याशिवाय बकल लावू नये.

घोळ झाला तो वेळापत्रकात. सुट्टी पाहून बॅच ठरवली आणि पौर्णिमा ऐन मधे आली. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. पौर्णिमेला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे पहाटे सहाला ओहोटी. त्या दिवशी सकाळी साडेसहाला कयाका चिखलातून ओढत न्याव्या लागल्या. मग नऊच्या सुमाराला पाण्याची ओढ सगळ्यात जास्त, कारण भरतीच्या सहा तासांतल्या मधल्या दोनांत निम्मं पाणी चढतं. परतीला खारा वारा तोंडावर. दमलेली मुलं संध्याकाळी काय लिहिणार? दशमीला भरती साडेसातला, उधाणही नाही. तेव्हा पाणी थबकतं त्या वेळी वल्हं मांडीवर ठेवून वही उघडता येते.

खाडीच्या मुखाशी ओहोटीत नेत नाहीत, हे बरं. उतरतं पाणी लाटांना भिडून तिथं उभ्या लाटा उठतात.

नाव नोंदवण्याआधी बॅचची तिथी विचारा. बूट जुने, बंद, नाडीचे न्या. स्लिपर पहिल्याच चिखलात रुतून राहते, आणि मुळांना चिकटलेल्या कालवांच्या कडा तळपाय चिरतात.