ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली अंगणवाडी: पाचपैकी चार स्टार

वहिनीला मुलगी झाली म्हणून मुलींसाठीच्या लेक लाडकी या सरकारी योजनेचा फॉर्म भरायला इथे गेलो, आणि सेविका ताईंनी जे काम केलं ना त्याला खरंच तोड नाही. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत, सगळं नीट समजावलं, जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५, म्हणजे टोटल १ लाख १ हजार. बाळाचं वजन घेताना काटा आधी शून्यावर आणला, दोनदा बघितलं, मगच मोबाईलमध्ये पोषण ट्रॅकर ॲपवर टाकलं.

जागा मात्र एकदम छोटी. एकाच खोलीत पोरं बसणार, खिचडी वाटणार आणि आहाराची पाकिटंपण तिथेच, एक स्टार त्याचा कापला.

२०२४ च्या विधानसभेला महायुती म्हणाली लाडक्या बहिणीचे १५०० चे २१०० करू, आघाडी म्हणाली ३००० देऊ, बायकांच्या हातात पैसे येतायत ते चांगलंच आहे, माझा अजिबात विरोध नाही. पण अंगणवाडीच्या खोलीबद्दल तेवढ्या जोरात कोण बोललं? डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी राज्यभरातल्या सेविकांना संप करावा लागला होता, आणि पुढे लाडकी बहीणचे फॉर्म भरायलाही त्याच बसल्या. शिंदे साहेब ठाण्याचे, महिला-बालविकास खातं आदिती तटकरेंकडे, दोघांनी एकदा इथे यावं.

जाणार असाल तर सकाळीच जा, आईचं आधार आणि बँक पासबुक सोबत ठेवा.