पाडव्यापासून एनजिनएक्सवर: जुन्या पत्त्यांच्या रिडायरेक्टचा वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. अपाचे या वेब सर्व्हरच्या डॉट-एचटीॲक्सेस फाइलमध्ये (फोल्डरमध्ये ठेवायची सेटिंग्जची फाइल) रीराइटचे, म्हणजे आलेला पत्ता बदलण्याचे, नियम लिहिण्याकडे आम्ही परत जाणार नाही. २०२५च्या पाडव्याच्या सुमारास सगळ्या साइट एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर आणल्या, आता दिवाळी होऊन गेली, आणि हा बदल केला याचं समाधान आहे. पण देवनागरी पत्ते असलेल्या साइटवर काही गोष्टी अशा निघाल्या, ज्या इंग्रजी साइट चालवणाऱ्यांच्या वाट्याला येतच नाहीत. मुख्यतः त्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आमचं काम कोल्हापूरच्या राजारामपुरीतून चालतं. गिऱ्हाइकं छोटी आहेत: चप्पल लाईनीतलं एक दुकान, शाहू मार्केट यार्डातले एक गूळ व्यापारी, उद्यमनगरातले काही कारखानदार. यांच्या साइट गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या हातांनी बनवल्या आणि प्रत्येकाने पत्त्यांची रचना नव्याने केली. पण पत्ते फक्त इंटरनेटवर नसतात. ते चप्पलच्या खोक्यावर छापलेले असतात, गुळाच्या डब्याच्या लेबलवर क्यूआर होऊन बसलेले असतात, कारखान्याच्या कोटेशनवर असतात. साइट बदलली म्हणून दुकानदार हजारभर खोकी फेकून देत नाही. त्यामुळे जुना पत्ता टाकला की माणूस थेट नव्या पानावर पोचला पाहिजे (यालाच रिडायरेक्ट म्हणतात), हे आमच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम आहे. दिसत नाही, बिलात वेगळं मागता येत नाही, पण चुकलं की दुकानाच्या मालकांचा फोन येतो: "अहो, खोक्यावरचं पान घावत नाही म्हणून लोक फोन करायलेत."

आधी शेअर्ड होस्टिंग (अनेकांत वाटलेला एकच सर्व्हर) होतं आणि सगळे नियम डॉट-एचटीॲक्सेसमध्ये. मॉड-रीराइट हे अपाचेचं मॉड्यूल राल्फ एंगेलशाल यांनी १९९६मध्ये लिहिलं. ताकद अफाट आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण वर्षानुवर्षं एकेकाने भर घातलेली फाइल वाचायला बसलं की नियम कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळत नाही. नियमाला जोडायचा एल हा फ्लॅग (खूण) म्हणजे 'शेवटचा', असं सगळे समजतात. प्रत्यक्षात डॉट-एचटीॲक्सेसमध्ये पत्ता बदलला की अपाचे पुन्हा वरून सगळे नियम चालवतं. खरोखर थांबायचं तर एंड हा फ्लॅग लागतो, जो २.४ मालिकेत आला. सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) चालणारा पत्ता ओळखण्याचा नमुना डॉट-एचटीॲक्सेसमध्ये जुळत नाही, कारण तिथे सुरुवातीची तिरकी रेघ आधीच काढून टाकलेली असते. प्रश्नचिन्हापुढचा भाग नियमाच्या नमुन्यात येतच नाही, त्याला वेगळी अट लिहावी लागते. शिवाय ही फाइल दर विनंतीला, वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शोधून वाचली जाते. मुख्य कॉन्फिग हातात असेल तर ही फाइल वापरू नका, असं अपाचेचं स्वतःचं मार्गदर्शन आहे.

एनजिनएक्स इगोर सिसोएव यांनी २००४मध्ये खुलं केलं. त्यात डॉट-एचटीॲक्सेस हा प्रकारच नाही. सगळे नियम एका ठिकाणी, सर्व्हर सुरू होताना एकदाच वाचले जातात. यातही रीराइट आहे, पण आम्ही ते जवळजवळ वापरत नाही. आमचं सगळं काम मॅप आणि रिटर्न या दोन सूचनांवर चालतं, आणि या अनुभवातून मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे: रिडायरेक्टला यादी लागते, कोडं लागत नाही. मॅप म्हणजे खतावणीच. डाव्या बाजूला जुना पत्ता, उजव्या बाजूला नवा, एका ओळीत एक जोडी. सर्व्हरच्या भागात फक्त एक अट: यादीत नवा पत्ता सापडला तर ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचा संकेत) देऊन तिकडे पाठव. बस्स.

याचा फायदा पहिल्याच महिन्यात दिसला. गूळ व्यापाऱ्यांच्या साइटवर जुने नियम एकमेकांवर चढलेले होते: एक साध्या एचटीटीपीवरून सुरक्षित जोडणीकडे नेणारा, दुसरा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढणारा, तिसरा शेवटची तिरकी रेघ लावणारा, चौथा जुन्या पानावरून नव्यावर नेणारा. एका क्लिकला चार उड्या. गुगलचा क्रॉलर (पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) दहा उड्यांपर्यंत मागे येतो, पण गगनबावड्याच्या बाजूला रेंज एक काडी असलेल्या मोबाइलवर प्रत्येक उडी जाणवते. आता यादीत उजवीकडे पूर्ण, अंतिम पत्ताच लिहिलाय आणि हीच यादी साध्या जोडणीच्या सर्व्हर भागातही तपासली जाते. कुठूनही या, एका उडीत मुक्कामी.

यादी वाढली तर सर्व्हर मंदावेल, ही शंका आमच्याकडच्या पोरांनी काढली होती. नाही मंदावत. मॅप हॅश टेबल (नोंदीची जागा थेट काढून देणारी रचना) बनवतो, त्यामुळे शंभर ओळी असोत की काही हजार, शोधायला लागणाऱ्या वेळात फरक कळत नाही. अक्षरांच्या लहान-मोठ्या लिपीकडेही मॅप दुर्लक्ष करतो, त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावर कुणी पूर्ण कॅपिटलमध्ये छापलेला इंग्रजी पत्ताही आपोआप जुळतो.

एक बारीक पण महत्त्वाची निवड म्हणजे यादीत शोधायचं कशाने. एनजिनएक्सकडे पत्त्याचे दोन चेहरे असतात. रिक्वेस्ट-यूआरआय म्हणजे ब्राउझरने जसा पाठवला तसा, प्रश्नचिन्हापुढच्या शेपटासकट. नुसता यूआरआय म्हणजे उलगडलेला, स्वच्छ केलेला, दुहेरी तिरकी रेघ एक केलेला. फेसबुकवरून आलेल्या लिंकला मागे स्वतःचं शेपूट जोडलेलं असतं, म्हणून पहिल्याने शोधलं तर तंतोतंत जुळणी फसते. शोधायला नेहमी दुसरा घ्या. पण हाच दुसरा चेहरा उत्तरातल्या नव्या पत्त्यात कधीही ठेवू नका. तो उलगडलेला असल्यामुळे पत्त्यात दडवलेला नवीन ओळीचा संकेत तसाच उत्तराच्या हेडरमध्ये (पानाआधी जाणाऱ्या माहितीच्या ओळींत) उतरतो आणि हल्लेखोराला तिथे स्वतःचे हेडर घुसवता येतात. शेपूट टिकवायचं असेल तर रिटर्नमध्ये ते स्वतः जोडावं लागतं, आपोआप येत नाही.

आता देवनागरीचं. इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला.

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं. पत्त्यात पाठवताना प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरं होतात. 'कोल्हापूर' हा एवढासा शब्द नऊ चिन्हांचा, सत्तावीस बाइटचा आणि पत्त्यात ८१ अक्षरांचा. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याच्या तुकड्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे, ती या फुगलेल्या रूपाला लागते. म्हणजे मराठी शीर्षकाची बावीसेक चिन्हं झाली की पत्ता तुटतो, बहुतेक वेळा शब्दाच्या मधेच. चप्पल दुकानाच्या जुन्या साइटवर असे अर्धवट शब्दांवर संपणारे कितीतरी पत्ते होते. शीर्षक बघून जुना पत्ता तयार करायला गेलात तर तो कधीच जुळणार नाही. तो जुन्या डेटाबेसमधून किंवा सर्व्हरच्या लॉगमधूनच (आलेल्या विनंत्यांच्या नोंदींतून) उचलला पाहिजे.

एनजिनएक्सची चांगली गोष्ट अशी की यूआरआय उलगडलेला असल्यामुळे यादीत डावीकडे सरळ मराठीत लिहिता येतं. '/कापशी-चप्पल' असं वाचता येणारं लिहिलंय, टक्क्यांची माळ नाही. दुकानाचे मालकही यादी वाचून सांगू शकतात की ही ओळ बरोबर की चूक. उजव्या बाजूला मात्र टक्क्यांच्या रूपातलाच पत्ता ठेवा. रिटर्न त्याला हात लावत नाही, जसा आहे तसा पाठवतो, आणि हेडरमध्ये कच्चे देवनागरी बाइट जाणं बरं नाही.

लांब मराठी पत्ते यादीत टाकले की आणखी एक गोष्ट होते. कॉन्फिगची तपासणी थांबते आणि मॅपच्या हॅशचा बकेट (कप्पा) आकार वाढवा असा निरोप येतो. हा आकार प्रोसेसरप्रमाणे साधारण ६४ बाइट असतो आणि आपली वीसेक चिन्हंच ६० बाइट खातात. तो आकडा १२८ किंवा २५६ केला की काम होतं. घाबरण्यासारखं काही नाही, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला नियमातच चूक आहे असं वाटतं.

सगळ्यात चिवट निघाला तो ऱ्य. 'व्यापाऱ्यांसाठी' हे पान गूळवाल्यांच्या साइटवर सगळ्यात जास्त उघडलं जातं. यातला ऱ्य काही कीबोर्ड ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहितात, तर काही साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक अशा प्रकारे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. बाइट मात्र वेगळे, म्हणून सर्व्हरच्या लेखी हे दोन वेगळे पत्ते. लॉगमध्ये ४०४ (पान सापडलं नाही) दिसत होते आणि त्याच नावाची ओळ यादीत डोळ्यांसमोर होती. बाइट उघडून पाहिल्यावरच उलगडा झाला. नेहमीच्या युनिकोड सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करण्यानेही) हा फरक जात नाही, कारण जोडक तसाच राहतो. आता आमची स्क्रिप्ट ऱ्य किंवा ऱ्ह असलेल्या प्रत्येक ओळीच्या दोन्ही प्रती बनवते. ह्रस्व-दीर्घाचंही तसंच: 'कोल्हापुरी' आणि 'कोल्हापूरी' दोन्ही पत्ते जुन्या छापील मजकुरात आहेत, म्हणून दोन्ही यादीत आहेत. शुद्धलेखनाचा आग्रह नव्या पत्त्यांपुरता ठेवावा, जुन्यांना जसे आहेत तसे सांभाळावं.

या सगळ्याची परीक्षा जून २०२५मध्ये झाली. प्राडाच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आठवडाभर सगळीकडे तीच चर्चा. कोल्हापुरीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा दुकानाने लिहिलेलं एक जुनं माहितीपान लोक व्हॉट्सॲपवर फिरवायला लागले, अर्थात जुन्याच पत्त्याने. त्या दिवसांत जुन्या पत्त्यांवरची ये-जा नव्यांपेक्षा जास्त होती. सगळे जण नव्या पानावर नीट पोचले. लॉग बघताना मला खरोखर आनंद झाला.

स्थायी आणि तात्पुरत्या रिडायरेक्टबद्दल आमची पद्धत आता ठरलेली आहे. नवीन ओळ आधी ३०२ने (तात्पुरता) चालवायची, मोबाइलवरून तपासायची, मग ३०१ करायची. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. चुकीचा गेला तर सर्व्हरवर दुरुस्त करूनही त्या माणसाच्या मोबाइलवर जुनंच चालू राहतं. आणि जिथे फॉर्म भरून पाठवला जातो तिथे ३०१ नकोच. ब्राउझर पाठवलेली माहिती टाकून देऊन नुसतं पान मागू शकतो. उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या चौकशी फॉर्मला म्हणून ३०८ लावलाय, तो विनंतीची पद्धत बदलू देत नाही. बंद झालेल्या मालाची पानं मुखपृष्ठावर ढकलायची सवय मात्र सोडा. गुगल त्यांना न सापडलेलं पानच धरतं आणि गिऱ्हाईकही गोंधळतं. तिथे सरळ ४१० (पान कायमचं गेलं) द्यावा किंवा जवळच्या मालाच्या पानावर न्यावं.

तक्रारी आहेत. पहिली आणि मोठी: डॉट-एचटीॲक्सेस मुकाट्याने दुर्लक्षित होते. जुन्या साइटच्या अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी भाषेतला कोड चालू नये म्हणून एखाद्या प्लगिनने लिहिलेलं संरक्षण एनजिनएक्सवर आल्यावर गायब होतं आणि कुठलाही इशारा येत नाही. स्थलांतराआधी प्रत्येक फोल्डरमधली अशी फाइल शोधून तिचा अर्थ नव्या कॉन्फिगमध्ये उतरवणं हे सक्तीचं काम समजा. दुसरी: कॉन्फिगमधल्या लोकेशनच्या (ठरावीक पत्त्यांपुरत्या नियमांच्या भागाच्या) आत इफ (जर-तर अट) लिहिलं तर ते नेहमीच्या प्रोग्रॅमसारखं वागत नाही. रिटर्नसोबत ठीक, बाकी काही त्यात घालू नये. तिसरी: गिऱ्हाइकाला स्वतःहून एक ओळ बदलता येत नाही, सर्व्हरचा अधिकार लागतो. यावर आम्ही दोन रकान्यांची सामायिक स्प्रेडशीट दिली. गूळवाल्यांच्या ऑफिसातल्या ताई त्यात जुना-नवा पत्ता भरतात, स्क्रिप्ट त्याची मॅप फाइल करते, तपासणी चालवते आणि मगच सर्व्हर रीलोड होतो. चूक असेल तर एनजिनएक्स जुन्या कॉन्फिगवर चालतच राहतं, साइट बंद पडत नाही. मात्र ही तपासणी फक्त व्याकरण बघते, पत्ता चुकीच्या पानावर नेतोय का ते नाही. त्यासाठी प्रत्येक जुना पत्ता मागून एकाच उडीत २०० (पान मिळालं) येतो का, हे बघणारी छोटी स्क्रिप्ट रोज रात्री चालते.

शेअर्ड होस्टिंगवर असाल तर हे सगळं करता येणार नाही. अपाचेतही रीराइट-मॅप नावाची यादी आहे, पण ती डॉट-एचटीॲक्सेसमधून जाहीर करता येत नाही. अशा वेळी रीराइटच्या भानगडीत न पडता साधी रिडायरेक्ट ही सूचना वापरा, एका ओळीत एक पत्ता. फक्त लक्षात ठेवा की ती सुरुवातीच्या भागावर जुळते: '/चप्पल' लिहिलंत तर '/चप्पल/कापशी'सुद्धा तिच्यात येतं आणि उरलेला भाग नव्या पत्त्याला चिकटतो. म्हणून लांब पत्ते वर, आखूड खाली. गुगल रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवायला सांगतं; आमच्या यादीतून एकही ओळ काढायचा विचार नाही, कारण गुळाच्या डब्यांची लेबलं अजून जुन्याच साठ्यातली वापरली जातायत.