“मातीतली गाडी अशीच असते” म्हणत त्याने मला गंडवलं

मी मूळचा कोल्हापूरचा, आता नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटजवळ राहतो. इथे चार हंगाम डांबरी ट्रॅकवर स्ट्रीट स्टॉक, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीवरून बनवलेली शर्यतीची गाडी पळवली आणि मग मातीच्या ट्रॅकवर उतरायचं ठरवलं. गादीवरचा मल्ल लाल मातीत उतरला की पाय रोवायलाही नव्याने शिकतो. इथलं तसंच, आणि इथली मातीही लालच. माझं हे नवखेपण हेरून एका माणसाने मला १६,००० डॉलरला बुडवलं. मातीकडे वळणाऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितोय.

डांबरावर गाडीचा मागचा भाग सुटू द्यायचा नसतो. मातीत उलट. वळण डावं, स्टिअरिंग उजवीकडे, आणि मागची चाकं घसरवतच गाडी वळवायची. उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा मुद्दाम मोठ्या घेराचं ठेवतात. वळणावर पेडल दाबलं की डावी मागची बाजू वर उचलते, मागचा ॲक्सलही तिरका होतो. डांबराला सरावलेल्या डोळ्याला ही गाडी वाकडीच दिसते. म्हणून त्याची थाप मला पटली.

गाडी होती वापरलेली क्रेट लेट मॉडेल, म्हणजे कारखान्यातून तयार आलेल्या इंजिनवर चालणारी मातीच्या शर्यतीची गाडी. उजवं मागचं चाक आत गेल्यासारखं वाटलं, तसं विचारलं. “तुला डांबराची सवय आहे, पोरा. मातीतली गाडी अशीच असते.” चॅसीवर, म्हणजे गाडीच्या नळ्यांच्या सांगाड्यावर, ताजा रंग कसा? “मातीत दर हंगामाला रंगवावीच लागते.” सीटबेल्टवरची तारखेची पट्टी कुठे गेली? “चिखल धुताना निघते.” वयस्कर माणूस, दोन तास मायेने सेटअप समजावत बसला. मला तालमीतले वस्ताद आठवले. पैसे रोख मोजले.

इंजिन जीएमचं (जनरल मोटर्सचं) ‘६०२’. हे कारखान्यातून सीलबंद येतं, साधारण ३५० अश्वशक्तीचं. इनटेक, हेड, पुढचं कव्हर, ऑइल पॅन अशा जागी खास बोल्ट असतात. बसवताना त्यांचं डोकं तुटतं, म्हणजे इंजिन नंतर कुणी उघडलं तर कळावं. सगळ्यांची ताकद सारखी आणि खर्च आटोक्यात राहावा, यासाठी ही सोय. या बोल्टांच्या नकलाही निघतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच रात्री हीट रेसमध्ये, म्हणजे मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यतीत, तिसरा आलो. तपासणीत तपासनिसाने टॉर्च मारली, बोल्टवरून नख फिरवलं आणि मान हलवली. बोल्ट नकली. निकाल रद्द. ज्यांच्यात मिसळायला आलो होतो, त्या सगळ्यांसमोर लबाड मी ठरलो.

मग चॅसी दुकानात नेली. उजवीकडची मागची नळी आपटून वाकलेली होती, तापवून सरळ केलेली, वर रंग फासलेला. मातीतल्या गाडीचं अंग झुकतं ते स्प्रिंग आणि दांड्यांवर, चॅसीची नळी वाकून नव्हे. एवढं एक वाक्य मला आधी माहीत हवं होतं. बेल्टची पट्टी चिखलाने निघालेली नव्हती, कात्रीने कापलेली होती. शर्यतीच्या सुरक्षा साहित्याची मानकं ठरवणाऱ्या एसएफआय संस्थेच्या मानकाचे बेल्ट बनल्यापासून २ वर्षांतच बाद होतात. तसल्या बेल्टवर मी भिंतीला चिकटून गाडी काढली, आणि माझी मुलगी स्टँडमध्ये बसून बघत होती. हा राग अजून गेलेला नाही.

फोन केला तर म्हणाला, “विकली तेव्हा सील ठीक होतं.” नंतर त्याने नंबर ब्लॉक केला. पावतीवर ‘आहे तशी’ लिहिलेलं आणि खाली माझी सही. इंजिन मी उघडलं नाही, हे मला सिद्ध करता येईना. वकिलाकडे एकदा जाऊन आलो आणि थांबलो.

तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी जिथे पळवणार त्या ट्रॅकच्या तपासनिसाला बोल्टांचे जवळून फोटो दाखवा. काही संघटनांची सीलं स्वतःची वेगळी असतात, तेही विचारा. चॅसी बनवणाऱ्याकडून मूळ मापं घ्या आणि टेप लावून दोन्ही बाजू मोजा. विकणारा घाई करू लागला तर निघून या.

ते इंजिन मी मागच्या महिन्यात सुट्या भागांच्या भावात विकलं. घेणारा विशीतला पोरगा होता. पैसे हातात घेण्याआधी त्याला टॉर्च दिली आणि नकली बोल्ट एकेक करून दाखवले.