प्रयोगशाळेचा अहवाल की कुदळीचा खड्डा?

सेंद्रिय शेतीचं पहिलंच वर्ष असेल तर आधी प्रयोगशाळा गाठा. भारी काळ्या जमिनीतला सामू (आम्ल-विम्लतेचं माप, पीएच), क्षार आणि मुक्त चुना (मातीत मिसळलेली चुनखडी) डोळ्यांना दिसत नाही. चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडलं की आपण नत्र कमी पडलं म्हणतो; खरं दुखणं बहुतेकदा लोहाचं असतं, चुन्यामुळे ते पिकाला मिळत नाही.

2015 साली सुरू झालेल्या सरकारी मृद आरोग्य पत्रिकेत (माती तपासणीच्या अहवालात) 12 घटक येतात, पण त्यात मुक्त चुना नाही. तो वेगळा सांगून तपासून घ्या. शिवाय या योजनेत सुरुवातीला बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत 10 हेक्टरला एक नमुना घेत. म्हणजे घरातली जुनी पत्रिका शेजारच्या रानाचीही असू शकते. तेव्हा आपला नमुना आपणच द्यावा: पीक निघाल्यावर, शेणखत टाकण्याआधी, 20 सेंमी खोलीचा, बांध आणि उकिरडा टाळून, सावलीत वाळवलेला. अहवालातला खतांचा हिशेब युरियाच्या भाषेत असला तरी बिचकू नका. तुमचं लक्ष सेंद्रिय कर्बावर (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेल्या कार्बनवर) हवं. तो 0.40 टक्क्याच्या खाली असेल तर जमीन उपाशी आहे. मात्र कर्ब फार सावकाश वाढतो, दरवर्षी तपासून हाती काही लागत नाही. तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत द्या.

मधल्या काळात कुदळच खरी. ऑगस्ट-सप्टेंबरात वाफसा आला (माती ओलसर पण चिकट नाही अशी झाली) की एक फूट लांब-रुंद, 20 सेंमी खोल खड्डा घ्या आणि माती गोणपाटावर हातानं फोडा. गांडुळं मोजा. मुळं सरळ खाली गेलीत की आडवी वळलीत ते बघा. आडवी वळली असतील तर नांगराच्या तळाशी कडक थर बसलाय. हे कुठलाच अहवाल सांगत नाही. मग 15 सेंमी व्यासाचं पत्र्याचं कडं जमिनीत ठोकून 440 मिली पाणी ओता, म्हणजे 25 मिमी पाऊस झाला, आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते वहीत टिपा. उन्हाळ्यात हे करू नका, सगळं पाणी भेगांत जातं.

ढेकूळ पाण्यात सोडून ते टिकतं का बघायची चाचणी मात्र काळ्या मातीत फसवते. चांगलं ढेकूळही फुगून विरघळतं. म्हणून बांधावरच्या, कधी न नांगरलेल्या मातीचं ढेकूळ शेजारी ठेवूनच निकाल लावा.

बाजारातल्या, मातीत खुपसायच्या एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) मीटरवर माझा विश्वास नाही. तेवढ्या पैशात मुक्त चुन्याची तपासणी करून घ्या.