पाइनसिल व्ही२ सोल्डरिंग आयर्न: लष्करी ड्रोन रिपेअर करणाऱ्याच्या टेबलावर दीड वर्ष

ज्या आयर्नने मी सगळ्यात जास्त ड्रोन परत हवेत पाठवले त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी लष्करी ड्रोन रिपेअर करतो, म्हणजे छोटे मल्टिरोटर, टेहळणीचे आणि एफपीव्ही (ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं चित्र बघत उडवायचे), आणि लोकांना वाटतं या कामात दिवसभर लॅपटॉपवर काहीतरी भारी चालत असेल, पण खरं सांगू का, दिवसातले निम्म्याहून जास्त तास हातात सोल्डरिंग आयर्नच असतं. उरलेला वेळ चिखल साफ करण्यात, तुटलेले आर्म बदलण्यात आणि ड्रोनला बांधून आलेल्या चिठ्ठीवर नुसतं "उडत नाही" एवढंच का लिहिलंय हे उडवणाऱ्याला फोन करून विचारण्यात जातो.

आधी जे आयर्न वापरायचो त्याचं नाव लिहीत नाही, साधं प्लगमध्ये घालायचं आयर्न होतं, टेंपरेचर कंट्रोल नावाला. त्याने मी एका ड्रोनच्या बॅटरीची निगेटिव्ह लीड (वायर) ईएससीच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या बोर्डाच्या, पॅडवर (वायर जोडायच्या तांब्याच्या जागेवर) जोडली, वरून जॉइंट इतका चकचकीत दिसत होता की मी दुसऱ्यांदा बघितलंच नाही. ड्रोन उडाला आणि मिनिटभरात खाली आला. परत टेबलावर आल्यावर बघितलं तर सोल्डरचा गोळा पॅडवर नुसता बसला होता, चिकटला नव्हता, नखाने उचकटला. सुदैवाने ते चाचणीचं उड्डाण होतं. खरंच कुठे पुढे काय आहे बघायला पाठवलेला असता तर त्याच्या चित्रावर विसंबून चालणारी माणसं मागे असती, आणि ती गोष्ट माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाहीये. त्या दिवसापासून आयर्न या विषयात मी तडजोड करत नाही.

आता हा निगेटिव्ह पॅड एवढा त्रास का देतो ते सांगतो, कारण अख्खा रिव्ह्यू त्याच्यावरच उभा आहे. ड्रोनमधल्या फोर-इन-वन ईएससीमध्ये (चारही मोटरचं एकाच बोर्डावर) ग्राउंडचं, म्हणजे निगेटिव्हचं, तांबं बोर्डाच्या थरांमधून सगळीकडे पसरलेलं असतं, कारण त्यातून शंभर-शंभर अँपिअर करंट जायचा असतो. वर १२ गेजची जाड सिलिकॉन वायर. तुम्ही टिप टेकवली की ती उष्णता बोर्ड पिऊन टाकतो, टिप थंड पडते, सोल्डर वर वितळतं पण खाली पॅड तेवढा तापलेलाच नसतो. वर फॅक्टरीतून आलेलं सोल्डर बऱ्याचदा लेड-फ्री (शिसं नसलेलं) असतं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं, आपलं ६३/३७ वालं (कथिल-शिशाचं) १८३ ला. म्हणून मी आधी पॅडवर फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावतात ते) आणि लेडवालं सोल्डर घालून जुनं-नवं मिसळून घेतो, मगच वायर. ज्या आयर्नमध्ये टिपची गेलेली उष्णता लगेच भरून काढायची ताकद नाही त्याने हे काम करायला जाऊच नये, तापमान कितीही वर ठेवा, उपयोग नाही, बोर्ड जळेल पण जॉइंट होणार नाही.

पाइनसिलच्या टिपमध्ये हीटर आणि सेन्सर टोकाजवळच आहेत त्यामुळे टिप थंड पडली की त्याला लगेच कळतं. पण (आणि हे पण फार मोठं आहे) ताकद किती मिळणार हे पूर्णपणे तुम्ही त्याला किती व्होल्ट देता यावर आहे. गणित सोपं आहे, व्होल्टेजचा वर्ग भागिले टिपचा रेझिस्टन्स. व्ही२ सोबतची छोटी टिप ६.२ ओहमची, २० व्होल्टच्या यूएसबी-सी पीडी चार्जरवर (लॅपटॉपला असतो तसा जास्त व्होल्टेज देणारा) ती साधारण ६५ वॅट घेते, आणि तोच आयर्न ९ व्होल्टच्या फोन चार्जरला लावला तर जेमतेम १३ वॅट. लोक फोनचा चार्जर लावतात आणि म्हणतात काही दम नाही यात. दम आहे, तुम्ही उपाशी ठेवलंय त्याला. जुन्या लांब टिपा ८ ओहमच्या असतात, त्या २० व्होल्टवर ५० वॅटवरच थांबतात, तेव्हा टिप घेताना हे बघून घ्या.

मला हे आयर्न सगळ्यात जास्त कशासाठी आवडतं तर बॅटरीवर चालतं म्हणून. मागे डीसी जॅक आहे, १२ ते २४ व्होल्ट. वर्कशॉपमध्ये ठीक आहे, पण बऱ्याचदा आम्हालाच ड्रोन जिथे आहे तिथे जावं लागतं, गाडीच्या मागच्या भागात फळी टाकून काम, लाइट नाही, जनरेटर लावायचा नसतो. अशा वेळी मी ड्रोनच्याच रिटायर झालेल्या फोर-एस (चार सेलच्या) बॅटऱ्या वापरतो. उडवून उडवून बॅटरीचा इंटर्नल रेझिस्टन्स वाढला की ती उड्डाणाला निकामी होते, शंभर अँपिअर मागितले की व्होल्टेज बसतं, पण आयर्नला लागतात तीन अँपिअर, तेवढे ती निवांत देते. फुल चार्ज १६.८ व्होल्टवर ४५ वॅट मिळतात, उतरत उतरत १४.८ ला ३५. सेटिंगमध्ये बॅटरी किती सेलची आहे ते सांगायचं म्हणजे व्होल्टेज फार खाली गेलं की आयर्न स्वतःच थांबतं, बॅटरी मरत नाही. फुगलेली बॅटरी मात्र चुकूनही लावू नका, ती टेबलाजवळसुद्धा नको. आणि सिक्स-एस बॅटरीचा मोह आवरा, मेन्यूत पर्याय दिसतो पण फुल चार्ज सिक्स-एस म्हणजे २५.२ व्होल्ट, जॅकची मर्यादा २४ ची आहे.

आत जे फर्मवेअर चालतं ते आयर्नओएस, ओपन सोर्स आहे. त्यातल्या तीन गोष्टींवर माझं काम चालतं. एक म्हणजे बूस्ट, बटण दाबून धरलं की तापमान ४२० वर जातं, सोडलं की परत खाली. मी नेहमी ३४० वर काम करतो, कॅमेऱ्याच्या वायरी, रिसीव्हरच्या बारीक पॅडला तेवढं पुरे, आणि ग्राउंड पॅड आला की बूस्ट. सतत ४२० वर ठेवलं तर टिप काळी पडून महिन्याभरात जाते, मी सुरुवातीला एक तशी घालवलीय. दुसरी गोष्ट झोप. आत हालचाल ओळखणारा सेन्सर आहे, आयर्न खाली ठेवलं की थोड्या वेळाने १५० अंशांवर उतरतं, उचललं की परत चढतं. आमच्याकडे मध्येच हाक येते, हातातलं टाकून उठावं लागतं, परत यायला तास लागतो, तेव्हा ही सोय म्हणजे फार मोठा दिलासा आहे. तिसरी, तापायला लागणारा वेळ, चांगल्या चार्जरवर दहा सेकंदांच्या आसपास. एकच वायर जोडायची असेल तर हा फरक कळतो.

ब्लूटूथबद्दल मात्र वेगळं लिहायला हवं, कारण बाकी कुठल्या रिव्ह्यूत हे कोणाला महत्त्वाचं वाटत नाही. व्ही२ मध्ये ब्लूटूथ आहे, फोनवरून सेटिंग बदलता येतात वगैरे. ज्या वर्कशॉपमध्ये फोनसुद्धा दाराबाहेर ठेवून आत जावं लागतं तिथे खिशातून रेडिओ असलेलं टूल घेऊन जाणं ही साधी गोष्ट नाही. सेटिंगमधून बंद करता येतं, पण बंद आहे हे तुम्ही सांगून चालत नाही, ज्यांच्याकडे ती जबाबदारी आहे त्यांना आधी दाखवा, विचारा, लेखी घ्या. पहिल्या व्ही१ मध्ये ब्लूटूथ नव्हतं, अशा जागेसाठी कुठे मिळालं तर ते उत्तम.

सोबत येते ती टोकदार टिप. ती बाजूला ठेवा. टोकदार टिपचा पॅडला स्पर्शच केवढा होतो, उष्णता जाणार कुठून. बॅटरी लीड आणि मोटरच्या वायरींसाठी रुंद छिन्नीसारखी किंवा तिरकी कापलेली टिप घ्या, बाकी जवळजवळ सगळ्याला मी सुरीसारखी के टिप वापरतो, सोल्डर ब्रिज (दोन पॅड चुकून जोडणारं सोल्डर) काढायला तर तिच्यासारखी नाहीच. बॅटरीचा एक्सटी६० कनेक्टर जोडताना त्यात दुसरा जोडीचा कनेक्टर घालून मगच टिप लावा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिना वाकड्या होतात आणि मग तो कनेक्टर मैदानात कोणाच्या तरी हातात अडकतो.

क्रॅश होऊन आलेल्या ड्रोनमध्ये पहिल्यांदा मी बॅटरी पॅडवरचा मोठा कॅपॅसिटर बघतो. आपटल्यावर तो उपटून जातो किंवा त्याचा एक पाय तुटून नुसता टेकलेला असतो, ड्रोन तरीही चालू होतो म्हणून कोणाचं लक्ष जात नाही, आणि पुढच्या उड्डाणात व्होल्टेजच्या उसळीने ईएससीचे मॉस्फेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारे भाग) जातात. नवीन लावताना पाय शक्य तितके आखूड. हे काम त्याच ग्राउंड पॅडवर असतं, शेजारी बॅटरीची लीड, एक तापवलं की दुसरं सुटतं, आणि इथे या आयर्नचा बूस्ट आणि रुंद टिप मिळून तीन-चार सेकंदात काम होतं. थंडीत उघड्यावर मात्र तेवढ्याने भागत नाही, वाऱ्यात तर नाहीच. बोर्ड आधी छोट्या हॉट प्लेटवर शंभरेक अंशांपर्यंत गरम करून घेतो मग बरोबर बसतं. मोठ्या सोल्डरिंग स्टेशनची बरोबरी हे आयर्न करत नाही, कोणी तसं सांगत असेल तर त्याने बारा गेजच्या वायरी एकामागून एक चाळीस जोडून बघाव्यात. रोज एकाच टेबलावर बसत असाल तर स्टेशनच घ्या आणि हे बॅगेत ठेवा.

आमच्या बोर्डांवर बहुतेक वेळा कोटिंग असतं, ओलावा लागू नये म्हणून. त्याच्यावरूनच टिप टेकवायची सवय अनेकांना आहे, कृपा करून करू नका. अ‍ॅक्रिलिकचं असेल तर सॉल्व्हंटने निघतं, सिलिकॉनचं खरवडावं लागतं, आणि युरेथेनचं जाळलं तर त्याचा धूर फुप्फुसांसाठी खरोखर वाईट आहे. आमच्यातल्या एका सीनियरला वर्षानुवर्षांच्या धुरानंतर दम्यासारखा त्रास सुरू झालाय, त्यांच्यामुळे मी आता गाडीत काम करतानासुद्धा बॅटरीवरचा छोटा फॅन बाजूला ठेवतो, धूर चेहऱ्यापासून लांब ओढायला.

अजून एक, चार्जरचं. दोन पिनांच्या बऱ्याच चार्जरना अर्थिंग नसतं, आयर्नच्या धातूला हात लागला की मुंग्या येतात, ते लीकेज आहे. करंट अगदी कमी असतो पण फ्लाइट कंट्रोलरवरच्या चिपला ते नको असतं. मी तीन पिनांचा अर्थिंगवाला चार्जर वापरतो, किंवा सरळ बॅटरी.

बॉक्समध्ये स्टँड नाही, चार्जर नाही, आणि केबल घ्यायची तर सिलिकॉनची घ्या. साधी यूएसबी-सी केबल कडक असते, मनगट ओढत राहते, आणि गरम टिप लागली की तिचं आवरण वितळतं. सिलिकॉनची केबल आणि वजनदार स्टँड, ही दोन्ही पहिल्याच दिवशी मागवा.

माझ्याकडे आता दोन आहेत, एक टेबलावर, एक बॅगेत. प्रत्येक दुरुस्त ड्रोनच्या चिठ्ठीमागे मी कुठला जॉइंट केला आणि कधी ते लिहून पाठवतो, वायर हाताने जोरात ओढून बघितल्याशिवाय हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवत नाही, प्रॉपेलर काढल्याशिवाय बॅटरी लावत नाही. गेल्या आठवड्यात एक ड्रोन चौथ्यांदा आला, तीन आर्म बदललेले, कॅमेरा दुसऱ्या ड्रोनचा, मोटरमध्ये वाळू. बॅटरी लीडवरचा जॉइंट माझा होता, याच आयर्नने केलेला पहिल्या महिन्यातला, तो तसाच होता. त्याला हात लावायची गरज पडली नाही.